ऑनलाइन कोऑर्डिनेशन मीटिंगमधे क्लॅश सुटतच नाहीत, तुम्ही कसं करता?

ढाळ_एकास_शंभर

विषय जरा रुक्ष आहे, पण इथे साइटवाले, बीआयएमवाले (बिल्डिंगचं थ्रीडी मॉडेल करणारे), कन्सल्टंट असे बरेच लोक आहेत म्हणून धागा काढतेय.

मी पुण्यात एका फर्ममधे बीआयएम कोऑर्डिनेटर आहे. सध्या नाशिकच्या एका हॉस्पिटलच्या बिल्डिंगचं काम चालू आहे. आर्किटेक्ट मुंबईत, स्ट्रक्चरवाले पुण्यात, एमईपी (एसीचे डक्ट, वायरिंग, प्लंबिंग) कन्सल्टंट बेंगळुरूला आणि कॉन्ट्रॅक्टर नाशिकला, त्यामुळे सगळं कोऑर्डिनेशन टीम्सवर. दर गुरुवारी दुपारी मीटिंग. मी स्क्रीन शेअर करून नेव्हिसवर्क्स (सगळ्यांची मॉडेलं एकत्र करून काय कशात घुसतंय, म्हणजे क्लॅश, ते दाखवणारं सॉफ्टवेअर) फिरवते, क्लॅश नंबर एक, हा डक्ट बीममधून चाललाय, कोण हलवणार? शांतता. मग एमईपीवाले म्हणतात स्ट्रक्चरला विचारा, स्ट्रक्चरवाले म्हणतात बीमची डेप्थ आर्किटेक्टनी मान्य केलीय, आणि आर्किटेक्टकडून जो ज्युनियर मुलगा जॉइन झालेला असतो तो बिचारा म्हणतो सरांना विचारून सांगतो. पुढच्या गुरुवारी परत तोच डक्ट आणि तोच बीम. रिपोर्टमधे चार आकडी क्लॅश, वीसबावीस माणसं कॉलवर, त्यातली निम्मी म्यूट करून आपापली कामं करत असतात (मलाही कळतं, नाव घेतलं की "सॉरी, आवाज तुटला, परत सांगाल का?").

तर प्रश्न असा की ज्यांच्याकडे ह्या मीटिंगा नीट चालतात ते नक्की काय वेगळं करतात? सॉफ्टवेअरच्या जाहिराती नकोत प्लीज, ते सगळं आहे आमच्याकडे.

उंटावरचा_शहाणा

चार आकडी रिपोर्ट मीटिंगमधे उघडलाच कसा ताई? तो तुम्ही एकटीने बसून आधी चाळायचा असतो, लोकांना दाखवायचा नसतो.

सगळी मॉडेलं एकमेकांवर टाकून एकच टेस्ट चालवली की असंच होतं. आधी मॅट्रिक्स करा, कुठली ट्रेड कुणाशी तपासायची ते. स्ट्रक्चर आणि डक्ट, स्ट्रक्चर आणि ड्रेनेज, डक्ट आणि केबल ट्रे, असं जोडीजोडीने, आणि प्रत्येक जोडीला वेगळा टॉलरन्स. बीमला डक्ट 5 मिलीमीटर घासतोय हा क्लॅश नाही, त्याकडे कुणी बघू नये. पाइप भिंतीतून जाणारच, तो क्लॅश नाही. फ्लेक्सिबल डक्ट तर टेस्टमधे घेऊच नका. हे गाळलं की निम्मे गेले. मग उरलेले ग्रुप करा, मजला आणि ग्रिडप्रमाणे (कॉलमच्या आखलेल्या रेषा), किंवा ज्या एका गोष्टीमुळे होतायत त्याप्रमाणे. एक डक्ट दहा बीमना धडकतो तेव्हा सॉफ्टवेअर दहा क्लॅश दाखवतं, पण निर्णय एकच असतो ना, डक्ट खाली घ्यायचा की दुसरीकडून न्यायचा.

अजून एक, एनडब्ल्यूएफमधेच (नेव्हिसवर्क्सची मॉडेलांना जोडलेली फाइल) काम करा, म्हणजे नवीन मॉडेल आलं की जुन्या क्लॅशचं स्टेटस टिकतं, कुठला नवा, कुठला सुटला ते कळतं. आणि मॉडेलिंग करणाऱ्या पोरांना सांगा की डक्ट खोडून परत काढू नका, आहे तोच सरकवा. खोडून काढला की त्याचा आयडी बदलतो आणि तुम्ही मागच्या आठवड्यात मंजूर केलेला क्लॅश नवा म्हणून परत डोकं वर काढतो. ह्या एका गोष्टीने मी लोकांना रडताना पाहिलंय.

सेंट्रिंगवाला

वरचं सगळं बरोबर असेल, आम्ही अडाणी साइटवाले. पण एक सांगा, तुमच्या ह्या मीटिंगचा आणि स्लॅबच्या तारखेचा काही संबंध असतो का? आमच्याकडे दुसऱ्या मजल्याचं सेंट्रिंग लागलेलं, स्टील बांधून झालेलं, आणि मीटिंगमधे पाचव्या मजल्याच्या टॉयलेटवर चर्चा चाललीय. स्लॅब कुणासाठी थांबत नाही. आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी सांगितली की सांगितली.

मग काय होतं, प्लंबर येतो, "साहेब इथून लाइन न्यायची होती", आणि कोअर कटिंगवाल्याला फोन. बीमला भोक. कुठे? तर कॉलमला खेटून, कारण शाफ्ट (पाइप वरखाली न्यायची उभी पोकळी) तिथेच. तिथे शिअर (कातरणारा जोर) सगळ्यात जास्त असतो हे काय मशीनवाल्याला माहीत? तो सळई लागली की जोर लावतो. आणि पीटी स्लॅब असला तर विचारूच नका, ताणलेली केबल कापली गेली तर माणूस जायचा. स्कॅन केल्याशिवाय मशीन टेकवू देत नाही मी आता, कुणी कितीही ओरडो.

माझं म्हणणं एवढंच की जो स्लॅब पुढे भरायचाय त्याचं स्लीव्ह ड्रॉइंग (पाइपसाठी कुठे भोकं सोडायची ते) आधी द्या. बाकीचे क्लॅश नंतर सोडवत बसा हवं तर वर्षभर.

चिल्ड_वॉटर

मी दुसऱ्या बाजूची. एमईपी डिझाइन करते. ह्या मीटिंगांमधे एक गृहीतकच असतं की एमईपीने सरकायचं. बीम जागचा हलत नाही, सीलिंगची उंची आर्किटेक्टची पवित्र, मग हलणार कोण तर आम्ही. सरकायला जागा असेल तर सरकतो हो, पण ती आहे का हे कुणी मोजत नाही.

धागाकर्तीने हॉस्पिटल म्हटलंय म्हणून हॉस्पिटलचाच कॉरिडॉर घ्या. मजल्याची उंची 4200 (सगळे आकडे मिलीमीटरमधे), बीम स्लॅबसकट 750, खाली उरले 3450. आर्किटेक्टला सीलिंग हवंय 2700 ला. म्हणजे आम्हाला 750. त्यातून सीलिंगची फ्रेम आणि लाइटला 100 गेले, उरले 650. आता डक्ट 900 बाय 400 चा, इन्सुलेशन धरून 450 उंच, वर त्याला अँगलचा सपोर्ट 50. राहिले 150. बाजूला चिल्ड वॉटरच्या (एसीच्या गार पाण्याच्या) दोन लाइनी, 150 च्या, इन्सुलेशनसकट एकेक जवळजवळ 270. केबल ट्रे 450 रुंद. शिवाय स्प्रिंकलर, मेडिकल गॅस. हे सगळं 2400 च्या कॉरिडॉरमधे शेजारीशेजारी कसंबसं मावतं. मावतं म्हणून सगळे खूश. पण प्रत्येक खोलीत डक्टचा फाटा जायचाय ना? तो फाटा पाइप आणि ट्रेच्या वरून नाहीतर खालून जाणार, आणि वरखाली 150 शिवाय काहीच नाही. म्हणजे प्रत्येक दाराशी क्लॅश. रिपोर्टमधे तो पन्नास वेळा दिसतो आणि कोऑर्डिनेटर मला पन्नास वेळा विचारतो, "मॅडम हे ॲडजस्ट होईल का?"

नाही होणार. डक्ट चपटा कर म्हणतात. 250 उंच केला तर तेवढ्याच क्षेत्रफळाला 1440 रुंदी लागते, म्हणजे 4:1 च्या पार पलीकडे, आवाज वाढतो, फ्रिक्शन वाढतं, पत्रा जास्त लागतो आणि मुख्य म्हणजे कॉरिडॉरमधे पाइपला जागा उरत नाही. उपाय आहेत, पण ते माझ्या हातात नाहीत. सीलिंग 2550 ला आणा. नाहीतर दोन टोकांना दोन शाफ्ट द्या, म्हणजे अर्धी अर्धी हवा दोन बाजूंनी येईल आणि डक्ट लहान होईल. नाहीतर ते बीम उलटे करा, म्हणजे स्लॅबच्या वर घ्या. तिन्ही निर्णय आर्किटेक्ट, स्ट्रक्चर आणि मालक ह्यांचे. आणि मीटिंगला पाठवतात ज्युनियर मुलाला!

उंटावरचा_शहाणा

@चिल्ड_वॉटर, दंडवत. हे एक गणित धागाकर्तीने पुढच्या मीटिंगच्या पहिल्या स्लाइडवर टाकावं. क्लॅशचं चित्र नको, हे आकडे.

रातपाळी_पुणे

आम्ही अमेरिकन कॉन्ट्रॅक्टरसाठी काम करतो, ईस्ट कोस्टची सकाळची दहाची मीटिंग म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसात आणि त्यांचं घड्याळ मागे गेलं की साडेआठ, जेवण कायम गार. पण मीटिंगा शिकलो तिथेच म्हणून सांगतो.

तिकडे कॉलवर कन्सल्टंटपेक्षा ट्रेडचे लोक जास्त असतात, डक्टवाला, पाइपवाला, स्प्रिंकलरवाला, इलेक्ट्रिकल, आणि त्यांचा फोरमन, जो स्वतः बसवणार आहे. त्यामुळे "विचारून सांगतो" फार कमी. क्रम ठरलेला असतो. ज्याला ढाळ लागतो तो पहिला, म्हणजे ड्रेनेज. मग मोठे डक्ट, मग मोठे पाइप, मग ट्रे, मग स्प्रिंकलर, कंड्यूट (वायरचे पाइप) सगळ्यात शेवटी. प्रेशरची लाइन कुठेही वळते, ग्रॅव्हिटीची नाही वळत. हा क्रम एकदा सगळ्यांनी मान्य केला की निम्मी भांडणं मीटिंगपर्यंत येतच नाहीत, खालच्या क्रमांकाचा न विचारता सरकतो.

आणि आठवडा बांधलेला. सोमवारी संध्याकाळपर्यंत मॉडेल अपलोड, नाही आलं तर मागचंच धरणार. मंगळवारी टेस्ट, बुधवारी दुपारपर्यंत यादी सगळ्यांना, प्रत्येक आयटमसमोर एक नाव. मग मीटिंग. मीटिंगमधे फक्त तेच ज्याला दोन किंवा जास्त माणसांचा एकत्र होकार लागतो. बाकीचं त्या त्या माणसाने आपापलं करून टाकायचं, त्यावर बोलायचंच नाही.

शेअरिंगचंही बघा. फिरवणारा एक आणि लिहिणारा दुसरा, एकाच माणसाने दोन्ही करायचं नाही. नेव्हिसवर्क्स ऑनलाइन शेअर केलं की समोरच्याला अडखळत दिसतं, तुम्ही गरागरा फिरवता आणि त्याला फक्त करडे ठोकळे दिसतात, आपण कुठे आहोत हेच कळत नाही. म्हणून आधीच व्ह्यूपॉइंट सेव्ह करून ठेवा, सेक्शन कापून फक्त तेवढाच तुकडा दाखवा, बाजूला प्लॅन उघडा ठेवा आणि प्रत्येक वेळी आधी मजला आणि ग्रिड तोंडाने बोला. "तिसरा मजला, ग्रिड सी 4, नर्स स्टेशनसमोर". साइटवाल्याला तेवढ्यावरून डोळ्यासमोर येतं.

गवाक्ष

आर्किटेक्टना शिव्या पडतायत म्हणून लिहितोय. मुंबईत माझी छोटी फर्म आहे.

अहो, ज्युनियरला का पाठवतो? कारण एकदा मी स्वतः बसलो आणि पहिला तास स्प्रिंकलर आणि कंड्यूटवर गेला. माझं त्यात काय काम? माझा आयटम शेवटी, आणि तोपर्यंत मला दुसऱ्या साइटवर निघायचं होतं. दोन तासांत दहा मिनिटं माझी असतील तर ती पहिली दहा द्या ना. मी येतो, निर्णय देतो, जातो. मग तुम्ही बसा कंड्यूट मोजत.

दुसरं, फी. आमची फी जीएफसी (बांधकामासाठी दिलेल्या) ड्रॉइंगपर्यंतची. करारात कोऑर्डिनेशनचे तास कुठेच नाहीत. मालकाला बीआयएम हवं असतं कारण कुठेतरी प्रेझेंटेशन पाहिलेलं असतं, पण त्याचे पैसे कुणाच्याच ऑर्डरमधे नसतात. मग प्रत्येक जण आपापलं कमीत कमी करतो. मी पण करतो, खोटं कशाला बोलू.

आणि @चिल्ड_वॉटर, 2700 पवित्र वगैरे नाही हो. कोड वातानुकूलित जागेला 2.4 मीटरपर्यंत परवानगी देतो. मला कुणी "150 सोडलेत तर दुसरा शाफ्ट वाचतो" असं सरळ विचारलंच नाही कधी. मला पाठवतात स्क्रीनशॉट, त्यात एक लाल आणि एक हिरवा ठोकळा, खाली "प्लीज ॲडव्हाइज".

चिल्ड_वॉटर

@गवाक्ष, "प्लीज ॲडव्हाइज" बद्दल माझ्याकडून पूर्ण सहमती 😀 ते मी पण करते.

वाळवंटातला_कोकणी

गेली बरीच वर्षं दुबईत आहे, एमईपी कॉन्ट्रॅक्टरकडे. इथे महापालिकेने 2014 पासूनच 40 मजल्यांवरच्या इमारती, हॉस्पिटलं वगैरेंना बीआयएम सक्तीचं केलं. पण सक्तीमुळे मीटिंगा सुधारल्या असं काही नाही. सुधारल्या त्या जबाबदारी एका जागी आली म्हणून. कन्सल्टंट डिझाइन देतो, पण सगळ्या सर्व्हिसेस एकत्र दाखवणारं शॉप ड्रॉइंग कॉन्ट्रॅक्टरने काढायचं आणि कन्सल्टंटचा शिक्का बसल्याशिवाय सीलिंगमधे एक हँगर मारायचा नाही. त्यामुळे मीटिंगला जो बसतो त्याच्या खिशातून पैसे जाणार असतात. तो म्यूट करून मेल वाचत नाही.

आपल्याकडे कोऑर्डिनेटरला सगळ्यांच्या मधे उभं करतात आणि अधिकार शून्य. धागाकर्तीच्या हातात ना फी ना दंड. त्यामुळे मला वाटतं तिचा खरा प्रश्न मीटिंग कशी चालवावी हा नाहीच, "ह्या आयटमचा शेवटचा शब्द कुणाचा" हे कुठेच लिहिलेलं नाही, हा आहे. बीआयएम एक्झिक्यूशन प्लॅनमधे (कोण काय कधी करणार त्याचा कागद) टाका. सीलिंग उंची, शेवटचा शब्द आर्किटेक्ट. बीममधलं भोक, स्ट्रक्चर. पैसे वाढतायत, मालकाचा पीएमसी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट). ठरलेल्या दिवसांत उत्तर नाही आलं तर पीएमसी ठरवणार. एक पान पुरे, त्यावर सगळ्यांच्या सह्या.

नुसता_वाचनमात्र

माझा ह्या क्षेत्राशी काही संबंध नाही पण धागा भारी चाललाय. बर्लिनच्या त्या विमानतळाचं असंच झालं होतं ना? 2012 ला उघडणार होता आणि उघडला 2020 ला. अशा मीटिंगा घेतल्या असत्या तर वाचला असता का?

उंटावरचा_शहाणा

नाही वाचला असता. तिथे आगीचा धूर वर सोडायच्या ऐवजी खाली ओढून न्यायची योजना होती, ती चालेना, शिवाय काम चालू असताना टर्मिनलचे बदल चालूच होते. 2012 च्या जूनमधलं उद्घाटन अगदी तोंडावर रद्द केलं आणि 31 ऑक्टोबर 2020 ला उघडला. मुळातली कल्पनाच गंडलेली असली तर क्लॅश टेस्ट हिरवी दिसली तरी उपयोग नाही.

तुमच्या प्रश्नाला जवळचं उदाहरण बिल्डिंगचं नाहीच, विमानाचं आहे. एअरबस ए380. हॅम्बुर्गवाले कॅटिया ह्या डिझाइन सॉफ्टवेअरच्या व्हर्जन 4 वर आणि तुलूजवाले 5 वर, वायरिंगचे जुडगे बनून आले आणि विमानात बसवताना तोकडे पडले. 2006 साली सगळं वेळापत्रक कोसळलं. आपल्याकडे अजून होतं हे, एक कन्सल्टंट रेव्हिटची (मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) पुढची व्हर्जन टाकतो आणि बाकीच्यांना फाइल उघडत नाही, कारण रेव्हिट मागच्या व्हर्जनमधे सेव्हच करत नाही. मग कोणीतरी कॅडमधे काढून पाठवतो आणि तिथून मॉडेल मेलं.

ढाळ_एकास_शंभर

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. @सेंट्रिंगवाला, तुमचा मुद्दा सगळ्यात लागला. आमच्या मीटिंगच्या यादीला स्लॅबच्या तारखा जोडलेल्याच नाहीत, यादी क्लॅशच्या नंबरप्रमाणे लावलेली आहे, म्हणजे खरंतर सॉफ्टवेअरला वाटेल त्या क्रमाने. आता कॉन्ट्रॅक्टरकडून कास्टिंगचं शेड्यूल मागवलंय.

एक बेसमेंटचा किस्सा देते, मत हवंय. ग्राउंड फ्लोअरच्या टॉयलेटची लाइन बेसमेंटच्या छताखालून एसटीपीकडे (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) जाते, साधारण 30 मीटर. 160 ची लाइन, एकास शंभर ढाळ धरला तर शेवटाला 300 मिलीमीटर खाली येते. आणि शेवट नेमका रॅम्पच्या तोंडाशी, जिथे ॲम्ब्युलन्स आत येणार. मॉडेलमधे क्लॅश शून्य! कारण गाडी मॉडेलमधे नाहीच.

सेंट्रिंगवाला

हाहा. मग रॅम्पच्या तोंडाशी पिवळ्याकाळ्या पट्ट्या मारायच्या आणि "डोके सांभाळा" लिहायचं, सगळ्या बेसमेंटमधे तेच असतं.

गंमत सोडा. लाइन मधेच तोडून दोन बाजूंना दोन छोट्या लाइनी करा, नाहीतर जवळच्या कॉलमपाशी खाली उतरवून फ्लोअरखालच्या चेंबरला जोडा. पण राफ्ट (बेसमेंटच्या तळाचा जाड स्लॅब) भरायच्या आधी सांगा. राफ्ट भरलाय?

ढाळ_एकास_शंभर

भरलाय 😐

सेंट्रिंगवाला

मग लाइन रॅम्पपासून लांब फिरवा. आणि गाडी मॉडेलमधे टाका. खरंच टाका, ॲम्ब्युलन्सच्या उंचीचा एक ठोकळा करून रॅम्पवरून आतपर्यंत ओढा आणि त्याच्याशी टेस्ट चालवा. आमच्या आधीच्या साइटला एका पोराने केलेलं, फायर टेंडरसाठी.

पहिली_पायरी

मी नुकतीच सिव्हिल करून बीआयएमचा कोर्स लावलाय. सॉफ्ट क्लॅश म्हणजे हेच का?

रातपाळी_पुणे

बरोबर, हेच. एकमेकांना लागत नाहीत पण मधे मोकळी जागा हवी. व्हॉल्व्ह आहे पण हात जायला जागा नाही, डँपर आहे पण सीलिंगमधे त्याच्याखाली ट्रॅपडोअर नाही, पॅनलपुढे मीटरभर जागा हवी तिथे कॉलम. ह्यांना मॉडेलमधे अदृश्य डबा करून ठेवतात आणि त्याच्याशी टेस्ट चालवतात.

पण काही गोष्टी त्यातही पकडल्या जात नाहीत. इलेक्ट्रिकल रूमच्या बरोबर वरच्या मजल्यावर टॉयलेट. कशालाच काही लागत नाही, सगळं हिरवं. पाणी गळल्यावर कळतं. तिथे जुन्या माणसाने प्लॅन एकावर एक ठेवून डोळ्यांनीच बघावं लागतं.

वाळवंटातला_कोकणी

+1. आणि ती जुनी माणसं मीटिंगला बोलवा. आमच्याकडे एक केरळी फोरमन आहे, मॉडेल त्याला फिरवता येत नाही, पण स्क्रीनवर बघून सांगतो की इथे माझा वेल्डर झोपला तरी मावणार नाही.

मिस्त्री_मोड

पॉपकॉर्न घेऊन वाचत होतो, माझे दोन आणे. मीटिंगमधे ठरलेलं मीटिंगनंतर बदलतं त्याचं काय करता? मिनिट्स जातात मेलवर, संध्याकाळी मालकाचा मेहुणा साइटवर चक्कर मारतो, "हे असं नको" म्हणतो, कॉन्ट्रॅक्टर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फोटो टाकतो, कोणीतरी 👍 करतं. झाला निर्णय. पुढच्या मॉडेलमधे तो नसतोच.

उंटावरचा_शहाणा

व्हॉट्सअॅप बंद होणार नाही, ते धरून चाला. पण एक नियम करता येतो, ग्रुपवर काहीही ठरो, ज्याला इश्यू नंबर नाही त्याचं ड्रॉइंग बदलणार नाही. कोऑर्डिनेटरने तो फोटो उचलून इश्यूमधे टाकायचा, खाली कोण म्हणालं आणि कधी हे लिहायचं आणि शेवटचा शब्द ज्याचा त्याच्याकडून होय किंवा नाही घ्यायचं. वेगवेगळी सॉफ्टवेअरं असतील तर बीसीएफ वापरा, टेक्ला आणि सोलिब्री ह्या सॉफ्टवेअरवाल्यांनी सुरू केलेला फॉरमॅट, आता बिल्डिंगस्मार्ट ह्या संस्थेकडे आहे. त्यात अख्खं मॉडेल जात नाही, फक्त कॅमेरा कुठे होता, कुठले एलिमेंट आणि काय कॉमेंट एवढंच जातं. छोटीशी फाइल, समोरच्याने उघडली की त्याच्या मॉडेलमधे थेट त्याच जागी जाऊन उभा राहतो. एक्सेलमधे स्क्रीनशॉट चिकटवण्यापेक्षा लाख पटीने बरं.

मिस्त्री_मोड

आणि मालकाचा मेहुणा?

वाळवंटातला_कोकणी

त्याला त्या एका पानावर "मालकातर्फे" म्हणून सही करायला लावा. सही मागितली की मेहुणे गायब होतात.

ढाळ_एकास_शंभर

अपडेट देते. आजची मीटिंग वेगळी घेतली. यादी कालच पाठवलेली, फक्त पुढच्या दोन स्लॅबची. सुरुवातीलाच आर्किटेक्टचे आयटम घेतले आणि त्यांना फोन करून सांगितलेलं की सर पहिला अर्धा तास तुमचा, नंतर तुम्ही सुटलात. सर स्वतः आले! मी मॉडेल उघडलंच नाही आधी, @चिल्ड_वॉटरने लिहिलंय तसं आमच्या कॉरिडॉरचं गणित मांडलं, आकडे आमचे, आणि तीन पर्याय ठेवले. त्यावर पहिल्यांदा स्ट्रक्चर आणि आर्किटेक्ट एकमेकांशी बोलले, माझ्याशी नाही. बीम उलटा करायला स्ट्रक्चरने साफ नाही म्हटलं. पण कॉरिडॉरच्या टोकाला एक लिननची स्टोअर रूम आहे, तिचा कोपरा शाफ्टला द्यायला सर तयार झाले, सीलिंगही फक्त दारांसमोर थोडं खाली घ्यायचं. स्लॅबला भोक पाडावं लागेल, ते स्ट्रक्चर तपासून सांगणार, तारखेसकट.

ड्रेनेजचं मात्र अडलंय. लाइन फिरवायचा खर्च कुणाचा ह्यावर वीस मिनिटं वाद, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो माझ्या बीओक्यूत (ठरलेल्या कामांच्या यादीत) नाही, एमईपीवाले म्हणतात ड्रॉइंगवर रॅम्पची लेव्हल नंतर बदलली. तो आयटम मी पीएमसीच्या नावावर टाकलाय. सह्यांचं पान अजून फिरतंय, मालकाकडे अडकलंय.

अजून एक प्रश्न उरला. कॉन्ट्रॅक्टरच्या साइट इंजिनियरकडे नेव्हिसवर्क्सचं लायसन्स नाही, त्याला मीटिंगच्या आधी मॉडेल बघता येत नाही म्हणतो. काय द्यायचं?

रातपाळी_पुणे

नेव्हिसवर्क्स फ्रीडम. फुकट आहे. तुम्ही एनडब्ल्यूडी पब्लिश करून पाठवा, एनडब्ल्यूएफ नका पाठवू, त्यात मॉडेल नसतं, नुसते दुवे असतात, त्याच्याकडे रिकामं उघडेल. क्लॅश टेस्ट त्याला चालवता येणार नाही पण सेव्ह केलेले व्ह्यूपॉइंट दिसतील, सेक्शन कापता येईल, मोजता येईल. फाइल जड असेल तर मजल्याप्रमाणे तोडून पाठवा, साइट ऑफिसचा कॉम्प्युटर कसा असतो ते माहितीच आहे.

सेंट्रिंगवाला

कॉम्प्युटर कसला, त्यावर मुकादम हजेरी भरतो. सोबत पीडीएफ पण द्या, ए3 वर प्रिंट निघेल अशी, ग्रिड आणि लेव्हल दिसतील एवढ्या मोठ्या अक्षरात. आणि स्लीव्हचं सेंटर कॉलमच्या कडेपासून किती ते लिहा, ग्रिडपासून नको. शटरिंगवर ग्रिड कुठे दिसतोय त्याला.